न सांगता उठायचं घर

माझी विहीण नेदरलँडची आहे, हे वाक्य मी देवळाली प्रवराच्या बाजारात इतक्या वेळा म्हटलंय की भाजीवालीलाही ते पाठ झालंय. पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे तिकडे राहायला असतात का?" मग मी सांगते, राहायला नव्हे, तिकडच्याच आहेत. गोऱ्या, उंच, आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. मुलाने तिकडे नोकरी धरली, तिकडचीच मुलगी पसंत केली, आणि मला अशा विहीणबाई मिळाल्या की ज्यांच्याशी मानपानावरून रुसायची सोयच नाही. मानपान म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. मुलगा-सून बरोबर होते, पण त्यांची रजा आठवड्याचीच. ती दोघं परत गेली आणि विहीणबाई म्हणाल्या, मी अजून दोन-अडीच आठवडे राहते, पाहुणे गेल्यावर तुम्ही कसे राहता ते मला बघायचंय. मी मनात म्हटलं, तुम्ही आहात तोवर पाहुणे गेले कसे म्हणायचे? पण इंग्रजीत टोमणा मारणं मला जमत नाही. मी नुसती हसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. नवखं माणूस समोर दिसलं की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. विहीणबाईंसारखी विद्यार्थिनी तर मला जन्मात मिळाली नव्हती. खिशात मावेल एवढी डायरी घेऊन त्या माझ्या मागे फिरायच्या. द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हाताने. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. कुणाकडून निघताना "जाते" म्हणायचं नाही, ते अशुभ. "येते" म्हणायचं, म्हणजे पुन्हा येणार. हा शेवटचा धडा त्यांना फार आवडला. ओट्यावर उभं करून मी त्यांच्याकडून तो घोटून घेतला. "येते मी" हे त्या इतकं स्वच्छ म्हणायला लागल्या की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

त्याही मला त्यांच्याकडचं सांगायच्या. तिकडे म्हणे सगळ्या नातेवाइकांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. मी कपाळावर हात मारला. त्या शांतपणे म्हणाल्या, घरातलं प्रत्येक माणूस रोज बघतं अशी दुसरी जागा सांगा. तिकडे सख्ख्या बहिणीकडे जायचं तरी आधी विचारून, दोघींच्या डायऱ्या उघडून दिवस आणि वेळ ठरवायची. गेल्यावर कॉफी, कॉफीबरोबर एक बिस्कीट, आणि डब्याचं झाकण बंद. आमच्याकडे असं केलं तर पुढच्या तीन पिढ्या त्या बिस्किटाचा विषय काढतील. पण आणखी एक रीत होती, ती मात्र मला पटली. ज्याचा वाढदिवस त्याचं तर अभिनंदन करायचंच, पण त्याच्या बायकोचं, आईचं, भावाचं, जो कोणी तिथे बसला असेल त्या सगळ्यांचं करायचं. तुमचं माणूस आणखी एक वर्ष तुमच्याबरोबर राहिलं, म्हणून.

ही रीत आमच्या गल्लीने प्रत्यक्ष पाहिली. मुलगा-सून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांचा वाढदिवस होता. विहीणबाईंनी सकाळीच माझा हात हातात घेऊन माझं अभिनंदन केलं. मग दूधवाल्याचं. तेवढ्यात समोरचे भाऊ आमची शिडी परत द्यायला आले, तर त्यांचंही.

भाऊ म्हणजे आमच्या समोरच्या घरचे. भाऊ आणि वहिनी. रक्ताचं नातं काही नाही. मी नवी नवरी म्हणून नगर शहरातून इथे आले तेव्हा ही दोघं समोर राहत होती, म्हणून ते भाऊ आणि त्या वहिनी. पाटाच्या कडेला त्यांचा ऊस. मला भाकरी थापायला वहिनींनी शिकवलं, आणि त्यांच्या मुलाला पाढे मी. त्या मला "बाई" म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणून. आमच्या ओट्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पंधरा पावलं आहेत. तीस वर्षांत ती पंधरा पावलं आम्ही दोघी मिळून किती वेळा चाललो असू, त्याची गणती नाही.

तर भाऊ शिडी खांद्यावर घेऊन तसेच उभे. म्हणाले, "माझं कशापायी अभिनंदन?" मी रीत समजावून सांगितली. भाऊंनी शिडी खाली ठेवली, जरा विचार केला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"खरं हाय की," ते म्हणाले. "इतकी वर्सं ह्या मानसाला शेजारी म्हनून सांभाळला कुनी? म्याच ना."

मग त्यांनी घरी जाऊन वहिनींचं अभिनंदन केलं, आणि संध्याकाळी पारावर भेटेल त्याचं. आमच्या ह्यांना त्या दिवशी कुणी विचारलं नाही, पण भाऊंशी अख्ख्या गावाने हात मिळवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी भाऊ वारले. सकाळी उसाला पाणी द्यायला गेले, मोटार चालू केली, बांधावर टेकले ते टेकलेच. आजार नाही, दुखणं नाही.

बातमी आली तशी गल्ली रिकामी झाली. कुणी चुलीवरचं दूध तसंच सोडून धावलं. मीही पायात चप्पल न घालता निघाले, तर विहीणबाई दारात डायरी घेऊन उभ्या. त्यांनी हळूच विचारलं, "भेटायला किती वाजता जायचं असतं?"

मी असं काही बघितलं त्यांच्याकडे! आज आठवलं की वाईट वाटतं. त्या बिचाऱ्या त्यांच्या रीतीने बरोबरच विचारत होत्या. त्यांच्याकडे माणूस गेलं की करड्या काठाचं कार्ड छापून घरोघर पाठवतात. अंत्यविधी पाच-सहा दिवसांनी, कार्डावर असेल त्या वेळेला. विधी झाला की सगळ्यांना कॉफी आणि केकचा तुकडा. त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हा कार्डांचे गठ्ठे आले, फुलं आली, सगळे फार चांगले वागले, असं त्या मला संध्याकाळी म्हणाल्या.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग गुरुवार आला," त्या म्हणाल्या.

मला काही उलगडा झाला नाही. भाऊंच्या आठवणीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता, त्यामुळे मी पुढे विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि दुपारी मी विहीणबाईंना घेऊन समोर बसायला निघाले. त्यांनी सकाळपासून कुकरमध्ये केक करायची खटपट चालवली होती. मी म्हटलं, छे, छे! त्या घरात इतक्यात गोड नेत नाहीत. त्या घरची चूल बंद असते, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात, त्याला कडू घास म्हणतात. त्यांनी पिठल्याची चव घेऊन बघितली आणि म्हणाल्या, हे तर कडू नाही. मी म्हटलं, तो घास कसाही केला तरी त्या दिवशी कडूच लागतो. हे मात्र त्यांना न समजावता कळलं.

वाटेवरच्या पंधरा पावलांत मी त्यांना सगळं सांगितलं. डोक्यावरून ओढणी घ्यायची. खाली बसायचं. कुणी रडलं तर रडू द्यायचं. आपण होऊन काही विचारायचं नाही. त्यांनी मान हलवली. आणि मला वाटलं, तयारी झाली.

आत बायका भिंतीलगत बसल्या होत्या. वहिनी कोपऱ्यात, भिंतीला टेकून. विहीणबाईंना मांडी घालता येत नाही, त्या कशाबशा पाय दुमडून बसल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मध्येच एखादी म्हणायची, "लई चांगला मानूस हो," आणि पुन्हा शांतता. मग एकेक उठून जाऊ लागली. मीही विहीणबाईंच्या कोपराला हात लावला आणि आम्ही उठलो.

आता इथे एक धडा राहिला होता. दुखवट्याच्या घरून निघताना काही बोलायचं नसतं. एरवी जे अगत्याने म्हणायचं ते "येते" इथे म्हणायचं नाही, आणि घरच्यांनीही "या" म्हणायचं नाही. असल्या कारणासाठी पुन्हा या दारात यायची वेळ येऊ नये, म्हणून. माणसं न सांगता उठतात आणि चपला घालून चालू लागतात. ही रीत आम्हाला कुणी शिकवत नाही, ती आपोआप येते. म्हणूनच ती शिकवायची असते हे माझ्या डोक्यात आलं नाही.

उंबऱ्यापाशी विहीणबाई वळल्या. दोन्ही हात जोडले. आणि ओट्यावर मी घोटून घेतलं होतं तितक्याच स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, येते मी!"

सगळ्या माना वळल्या. भाऊंची थोरली बहीण, म्हणजे वहिनींच्या नणंदबाई, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, असल्या दारात येते म्हनली ही?" कुणीतरी म्हणालं, "तिला काय ठावं हाय, परमुलखातली ती." आणि आणखी कुणीतरी म्हणालं, "तिला नसंल, पन बाईंना हाय ना?"

मी विहीणबाईंचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढत घरी आणलं. वहिनींच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. माझी छाती झाली नाही.

घरी आल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. इंग्रजी तुटकं, त्यामुळे राग आणखीच उघडा पडला. म्हटलं, तुम्ही त्या घरात पुन्हा मरण चिंतलंत! त्या लाल झाल्या, खुर्चीवर बसल्या. मग विचारलं, "मग लोक पुन्हा येतात कधी?"

"येतात की. दहाव्याला."

"आणि मधल्या दिवसांत?"

मी उठले. भांडी घासायला गेले.

मधल्या दिवसांचं माझंच सांगते. मी गेले नाही. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. मग डोळ्यांपुढे ती वळलेली तोंडं यायची. वहिनी म्हणतील, एवढी शिकलेली बाई, आणि माझ्या दारात अपशकुन करवला. पिठलं-भाकरी मी ह्यांच्या हाती पाठवत राहिले. पुढचं दार अर्धं लोटून ठेवायला लागले. कपडे मागच्या बाजूला वाळत घालायला लागले, ओट्यावर गेलं तर समोर नजर जाईल म्हणून. त्यातच नणंदबाईंचा पाय मुरगळला, तर गल्लीत कुजबुज झाली की झालं, त्या गोरीचं बोलणं लागू पडलं. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर माझा जीव त्याहून दुसऱ्याच भीतीने कासावीस होता. तीस वर्षांची माझी मैत्रीण मी गमावली, असं मी धरून चालले होते. आणि ती खरंच गमावली का हे विचारायला जायचं धाडस माझ्यात नव्हतं.

दुपारी जेवल्यावर मी पडते, ते पाचला उठते. विहीणबाई त्या वेळात पाटाच्या कडेने फिरायला जातात अशी माझी समजूत होती.

दहाव्याला न जाऊन चालणार नव्हतं. नदीवरचे विधी आटोपून लोक घरी आले, मांडवात पंगती बसल्या. मी सगळ्यांत मागे, खांबाआड उभी राहिले. तर वहिनींची लेक आली आणि म्हणाली, "बाई, आईनं आत बोलावलंय."

आतल्या खोलीत वहिनी एकट्या होत्या. दहा दिवसांत त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मी बसायच्या आधीच बोलायला लागले. "वहिनी, त्या दिवशी चूक माझी झाली. त्यांना मीच शिकवलं होतं. त्यांना काही माहीत नव्हतं—"

"कुठल्या दिवशी?"

"त्या दिवशी... त्या जाताना येते म्हणाल्या ना."

"मंग?" वहिनी म्हणाल्या. "आली की ती."

"कधी आल्या?"

"कधी म्हंजी? रोज येती. चारच्या ठोक्याला."

मी आता कुठे खाली बसले.

"शंभर मानसं आली ह्या दारात," वहिनी म्हणाल्या. "सगळी न सांगता उठून गेली. रीतच हाय ती. मी बी जलमभर तशीच उठत आले. पन भितीला टेकून बसल्यावर कळतं बाई. एकेक जन उठतंय आन तोंडातनं शबुद न्हाई. मला वाटायला लागलं, आता ह्या दारात कुनी यायचंच न्हाई का? तेवढ्यात ही म्हनली, येते. म्या मनात म्हनलं, चला, एक तरी म्हनलं."

मी म्हटलं, "वहिनी, मला लाज वाटली हो. तुम्हाला काय तोंड दाखवू असं झालं."

"तिला आपली रीत ठावं न्हाई, तरी ती आली. तुमाला सगळ्या रीती ठावं, म्हनून तुमी घरी बसला." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पंधरा पावलं बी न्हाईत ओ बाई. दार लोटून घेतलंत तुमी. मला खिडकीतनं दिसत हुतं."

मला रडू फुटलं. एरवी मी रडले की वहिनी पदराने माझं तोंड पुसायच्या आणि वर चार शिव्या घालायच्या. त्या दिवशी त्यांनी पदर हलवला नाही. म्हणाल्या, "जेवून घ्या. पंगत खोळंबलीय." मी मुकाट्याने बाहेर आले आणि जेवायला बसले. काय जेवले ते आठवत नाही.

घरी येऊन मी ह्यांना विचारलं, विहीणबाई रोज समोर जातात हे तुम्हाला माहीत होतं? ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "म्हणजे? तुला माहीत नव्हतं?" नवऱ्याला मारायची रीत कुठल्या देशात असेल तर ती मला तेव्हा हवी होती.

विहीणबाईंनी डायरी पुढे केली. रोजच्या पानावर चारच्या ओळीत एक छोटी फुली. म्हणाल्या, "मी येते म्हणाले होते. मग जायला नको?" मी त्यांना रागावले होते, म्हणून त्यांनी अर्थ नीट समजून घेतला होता, चूक झाली हे मान्य केलं होतं, पण दिलेला शब्द मोडायचा कसा, हे काही त्यांना समजेना. चार ही त्यांच्याकडची भेटीची वेळ. आणि मग त्यांनी त्या गुरुवारचं सांगितलं. यजमानांचा अंत्यविधी बुधवारी झाला. गुरुवारी दुपारी त्यांनी सवयीने कप मांडले, आणि त्यांच्याकडे एकही माणूस आलं नाही. येणार कसं? सगळे सभ्य लोक. सगळ्यांनी फोन करून विचारलं होतं, तीन आठवड्यांनी आलो तर तुम्हाला सोयीचं होईल का? त्या म्हणाल्या, मला सोय नको होती, मला माणूस हवं होतं. पण असं फोनवर बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी त्यांच्याबरोबर गेले. वहिनींनी आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, निदान दुभाषी म्हणून तरी माझा उपयोग होईल. वहिनी भाऊंचं सांगायला लागल्या, पहिल्या वर्षी उसाला आग लागली तेव्हा हा माणूस कसा ओलं पोतं घेऊन धावला, ते. मी इंग्रजी करायला तोंड उघडलं, तर विहीणबाईंनी हाताने मला थांबवलं. मग त्या बोलल्या, इंग्रजीही नाही, त्यांच्याच भाषेत. मोबाईलमधला यजमानांचा फोटो दाखवत कितीतरी वेळ बोलल्या. वहिनी मान हलवत होत्या, मधून "व्हय, व्हय" म्हणत होत्या, जागच्या जागी डोळे पुसत होत्या.

मला राहवलं नाही. विचारलं, "वहिनी, काय कळतं तुम्हाला?"

"काय बी न्हाई," त्या म्हणाल्या. हे त्यांचं त्या दिवशीचं माझ्याशी एकच बोलणं. "तिला बी माझं कळत न्हाई. त्यामुळं काय बी बोलता येतं."

माझी विहीण, माझी शेजारीण, आणि त्या दोघींत परकी मी. मला तिचा हेवा वाटला, विहिणीचा. लपवून काय करू?

बाराव्या दिवशी सकाळी विहीणबाई निघाल्या. पुण्याला जायची गाडी दारात लागली. मी त्यांच्या हातावर दही घातलं. गल्लीतल्या बायका जमल्या. अपशकुनाची कुजबुज करणाऱ्याही आल्या, गोरीला निरोप द्यायचा म्हटल्यावर कोण घरी बसतंय. विहीणबाईंनी सगळ्यांचे हात हातात घेतले. आणि मग समोरच्या घराकडे बघत उभ्या राहिल्या.

समोरचं दार अर्धं उघडं होतं. दाराआड साडीचा काठ दिसत होता.

त्या घड्याळ बघत होत्या, दाराकडे बघत होत्या. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. त्या मला म्हणाल्या, "ती येणार नाही का?" का येणार नाही ते मला माहीत होतं, गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. नवरा गेलेल्या बाईने माहेरच्या माणसांनी येऊन बाहेर काढल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. आणि प्रवासाला निघालेल्या माणसाच्या समोर तर तिने यायचंच नसतं. कुणी कुणाला अडवलं नव्हतं. वहिनींनी स्वतःच स्वतःला दाराआड ठेवलं होतं. विहीणबाईंना हे सगळं समजावून सांगून, हात दाखवून गाडीत बसवणं अगदी सोपं होतं. मी आयुष्यभर तेच केलंय, लोकांना रीत समजावून सांगायचं.

मी चालायला लागले. त्या सगळ्यांच्या देखत ती पावलं चालायला मला फार वेळ लागला असं वाटतं. दार ढकललं. वहिनी मागे सरकल्या.

"चला," मी म्हटलं.

"तुमी या बाई मागं. काय वेड लागलं का? ती लांबच्या परवासाला निघाली, मी अशी समोर जाऊ व्हय? तिचं काय बरंवाईट झालं म्हंजी?"

"वहिनी, सहा वर्षं झाली तिच्या नवऱ्याला जाऊन," मी म्हटलं. "तीही तुमच्यासारखीच आहे. मग तिनं स्वतः निघताना आरशात बघायचंच नाही का?"

वहिनींच्या ओठाचा एक कोपरा हलला. दहा-बारा दिवसांत मी तो पहिल्यांदा हललेला बघितला.

"लोकं काय म्हनतील?"

"मला म्हणतील. तुम्हाला नाही. चला."

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी जरा ओढून धरलं, पण फार नाही. उंबऱ्यावर त्यांचा पाय अडला, तिथे मी थांबले. घाई केली नाही. मग त्यांनी पाय बाहेर टाकला. नणंदबाई ओसरीवरून काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं आणि मी ऐकलं नाही. पदर डोक्यावर घट्ट ओढून, खाली बघत, वहिनी माझ्याबरोबर गल्ली ओलांडून आल्या.

विहीणबाई पुढे धावल्या आणि त्यांनी त्यांच्याकडच्या रीतीने वहिनींच्या गालांचे तीन मुके घेतले, डावा, उजवा, पुन्हा डावा. गल्लीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. वहिनी आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग त्यांनी दोन्ही हात विहीणबाईंच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी बोटं कडाकडा वाजली. गाडी निघाली, कोपऱ्यावर वळली, तरी वहिनी तिथेच उभ्या होत्या.

मी त्यांचं मनगट अजून सोडलं नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. हात सोडवून घेतला, आणि माझ्या तोंडावरून दोन्ही तळवे फिरवून कानशिलांवर बोटं टेकवली. या खेपेला एकच बोट वाजलं.

"आठ दिस आला न्हाईत ना," त्या म्हणाल्या, "म्हनून बाकीची वाजंनात."

मी भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं आणि वर चार शिव्या घातल्या.